अपघाताची तारीख काय लिहू? आरोग्य विमा आखणाऱ्यांना एक खुलं पत्र

आरोग्य विम्याच्या पॉलिसी आखणारे, प्रीमियम ठरवणारे आणि क्लेम तपासणारे अशा सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी नृत्य शिकवते, बसवते आणि अजूनही जमेल तसं नाचते. माझ्या ग्रुपमध्ये निव्वळ नाचावर पोट असलेली माणसं आहेत, दिवसभर ऑफिसात बसून संध्याकाळी तालमीला येणारी आहेत, आणि या दोन्हींच्या मधली तर कितीतरी. चार ठिकाणी शिकवायचं, दोन ठिकाणी नाचायचं, कार्यक्रम आटले की मिळेल ते काम धरायचं. या सगळ्यांचे विम्याचे कागद शेवटी माझ्या टेबलावर येतात. ज्याला फॉर्म भरायचा कंटाळा नाही त्याच्याकडे सगळ्यांचे फॉर्म येतात, एवढंच त्याचं कारण. तेव्हा तुमच्या पॉलिसीतलं बारीक अक्षर नीट वाचूनच हे लिहितेय.

माझं म्हणणं एकच आहे. तुमच्या कागदावर माणसाचं शरीर दोनच प्रकारे बिघडतं: एक तर तो धाडकन पडतो, नाही तर आजारी होऊन हॉस्पिटलच्या खाटेवर जातो. नाचणाऱ्याचं शरीर बहुतेक वेळा या दोन्ही प्रकारे बिघडत नाही. ते झिजत झिजत बिघडतं, आणि बरं व्हायला त्याला खाट लागत नाही. अशा शरीराला तुम्ही प्रीमियम लावता, पण क्लेमच्या वेळी ते तुम्हाला ओळखू येत नाही.

मागे आमच्यातल्या एका मुलीचा पाय दुखायला लागला. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे. आधी तालीम संपल्यावर दुखायचा, मग तालीम चालू असताना, मग जिना उतरतानाही. सूज जवळजवळ नव्हतीच; अंगठ्याने दाबलं की नेमकी एक जागा ठणकायची. एक्स-रे स्वच्छ आला. दुखणं थांबेना म्हणून एमआरआय केला, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे पुन्हा पुन्हा पडलेल्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. डॉक्टरांनी पायाला वॉकिंग बूट दिला आणि सहा ते आठ आठवडे नाच बंद म्हणून सांगितलं. ऑपरेशन नाही, ॲडमिशन नाही.

आता फॉर्म. पहिला रकाना अपघाताची तारीख, दुसरा वेळ, तिसरा ठिकाण, चौथा घटनेचं थोडक्यात वर्णन. तिने मला विचारलं, तारीख काय लिहू? मी म्हटलं, खरं ते लिही. तिने लिहिलं, ‘तालमीत हळूहळू दुखू लागले.’ अपघात विम्याने सांगितलं, ही अचानक घडलेली बाह्य घटना नाही, सबब अपघात नाही. आरोग्य विम्याने सांगितलं, चोवीस तास दाखल नव्हतात, सबब खर्च देय नाही. दोन्ही उत्तरं त्या-त्या पॉलिसीप्रमाणे बरोबरच होती. म्हणून तर त्या कंपन्यांची नावं घेत नाही. तक्रार एखाद्या माणसाबद्दल नाही, रकान्यांबद्दल आहे.

स्ट्रेस फ्रॅक्चरला तारीख का नसते हे थोडं सांगते. हाड ही जिवंत गोष्ट आहे. ताण पडला की जुना भाग काढून टाकला जातो आणि त्या जागी नवा भरला जातो. काढणं लवकर होतं, भरणं सावकाश. शो जवळ आला, तालमीचे तास वाढले, त्यात फरशी किंवा काँक्रीटवर नाचणं आलं, की भरणं मागे पडतं. त्या फटीत बारीक चीर सुरू होते. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेवर ती बहुधा दिसतच नाही. खाणं कमी आणि मेहनत जास्त असेल तर आणखी अवघड होतं. बायकांची पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, हाडं विरळ होऊ लागतात. या स्थितीला २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या संदर्भात नाव दिलं, रेड-एस. ‘सडपातळ दिसा’ हा धोशा नाचणाऱ्यांच्या मागेही खेळाडूंइतकाच असतो. यासाठी लागणारा आहारतज्ज्ञ, हाडांच्या घनतेची तपासणी, समुपदेशन हे सगळं ओपीडीत मोडतं. म्हणजे तुमच्या हिशेबात कुठेच मोडत नाही.

हाडाचं झालं, बाकीचंही तसंच. पायाच्या अंगठ्याला वाकवणारा स्नायुबंध घोट्यामागून जातो. बॅलेत चवड्यावर उभं राहणाऱ्यांचा तो इतका दुखावतो की डॉक्टर त्याला नर्तकांचंच दुखणं म्हणून ओळखतात. भरतनाट्यममध्ये तासन्‌तास अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या स्थितीत, राहणाऱ्यांचे गुडघे बोलतात. कथकच्या ततकाराचा, म्हणजे तालात पाय आपटण्याचा, भार टाचा, पोटऱ्या आणि नडगीवर येतो. कंबर मागे मोडणाऱ्यांच्या पाठीच्या खालच्या मणक्यात चीर जाते. नृत्यवैद्यकाने वर्षानुवर्षं हेच नोंदवलंय की नाचणाऱ्यांच्या दुखापती मुख्यतः घोटा, पाऊल, गुडघा आणि कमरेच्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा एका झटक्यात होत नाहीत, अतिवापराने होतात. हे शास्त्र काही कालचं नाही. न्यूयॉर्कचं हार्कनेस सेंटर १९८९ पासून फक्त नाचाच्या दुखापती बघतंय. नृत्यवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९० साली स्थापन झाली. वाचायचं म्हटलं तर मजकूर ढीगभर आहे.

एक गंमत सांगते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये एका ब्रेकिंग (म्हणजे ब्रेकडान्स) करणाऱ्याची केस आली होती. एकोणीसेक वर्षं डोक्यावर गिरक्या घेऊन त्याच्या टाळूवर गाठ तयार झाली, ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा खेळ म्हणून खेळला गेला. तर ही गाठ अपघात, आजार, खेळातली जोखीम की सौंदर्योपचार? तुमच्याकडे चार टेबलं असतील तर ती फाइल चारही टेबलांवरून फिरून येईल, याची मला खात्री आहे.

आता पैशाचं बोलू, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय. पावलाच्या मध्यात नॅव्हिक्युलर नावाचं एक छोटं हाड आहे. त्याला चीर गेली तर दुखणं इतकं मोघम असतं की निदानच उशिरा होतं. वेळेवर कळलं तर प्लास्टर आणि त्या पायावर सहा ते आठ आठवडे अजिबात भार न देणं, यावर अनेकदा भागतं. न कळता नाचत राहिलं तर चीर पुढे सरकते आणि स्क्रू घालायची पाळी येते. पहिल्या टप्प्याचे एमआरआय आणि फिजिओथेरपीचे पैसे तुम्ही देत नाही, दुसऱ्या टप्प्याचे ऑपरेशन, खोलीभाडं, भूल, सगळ्याचे देता. म्हणजे आत्ता थोडक्यात सुटू शकणारी गोष्ट महाग होईपर्यंत थांबा, असं तुमची पॉलिसीच माणसाला शिकवते. माणसं शिकतातही. ‘ॲडमिट करून घ्या ना डॉक्टर, म्हणजे क्लेम होईल’ हे वाक्य ओपीडीत कुणी ऐकलं नसेल असं नाही. हा खोटेपणा नको असेल तर खोटेपणाचं कारण काढून टाका.

माझी पहिली मागणी म्हणूनच साधी आहे. दुखापतीच्या व्याख्येत अतिवापराने झालेली दुखापत घाला आणि तिची तारीख म्हणजे निदानाची तारीख धरा. निदानासाठी लागणारं स्कॅनिंग आणि ठरावीक संख्येची फिजिओथेरपी दाखल न होता मिळू द्या. अमर्याद द्या असं मी म्हणत नाही. सुरुवातीला अमुक इतकी सत्रं, मग फिजिओचा अहवाल, सुधारणा दिसत असेल तर पुढची. असं टप्प्याटप्प्याने करा. चांगला फिजिओ तसंही असंच काम करतो.

दुसरी गोष्ट बिलाहून मोठी आहे: बुडालेली कमाई. आमच्या त्या मुलीला वॉकिंग बूट लागला तेव्हा बिलापेक्षा जास्त भीती होती ती त्या आठ आठवड्यांत हातचे गेलेले कार्यक्रम आणि बंद पडलेल्या शिकवण्या यांची. उत्पन्नाचा विमा म्हणून जे मिळतं त्यात एक मेख असते. काम करता येत नाही म्हणजे कोणतं काम? ‘कोणतंही काम’ अशी व्याख्या असेल तर पाय मोडलेल्या नर्तिकेला उत्तर मिळतं, बाई, तुम्हाला खुर्चीत बसून टायपिंग करता येईल की. येईल ना. तुमच्या सर्जनचं बोट तुटलं तर त्यालाही पहारेकरी म्हणून उभं राहता येईल, पण त्याला तुम्ही तसं सांगत नाही. त्याला ‘स्वतःचा व्यवसाय’ ही व्याख्या विकता, जास्त प्रीमियम घेऊन का होईना. आम्हालाही विका. आमचं उत्पन्न अनियमित असतं, कबूल. पण दोन-तीन वर्षांची सरासरी काढता येत नाही इतकं अनियमित नसतं.

आणि शरीर झिजतं, हे मान्य करायला एवढं जड का जावं? फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने पॅरिस ऑपेराच्या लोकांसाठी पेन्शनची सोय केली ती १६९८ साली. तिथले नर्तक आजही ४२ व्या वर्षी निवृत्त होतात. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी राजाच्या दरबाराला जे कळलं होतं ते तुमच्या सॉफ्टवेअरच्या व्यवसाय-यादीत अजून पोहोचायचंय. त्या यादीत ‘नर्तक’ शोधायला गेलं की बहुधा सापडतं ‘इतर’. आणि ‘इतर’ निवडलं की दर कसा लागेल ते त्या दिवशी समोर बसलेल्या माणसावर.

अर्धवेळ नाचणाऱ्यांची तर आणखी तऱ्हा. हिशेबनीस म्हणून नोकरी करणारा एक मुलगा आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येतो, महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम करतो, मानधन घेतो. त्याचा घोटा रविवारच्या कार्यक्रमात मुरगळला, चक्क पडून, तारीख-वेळेसकट. ऑफिसच्या अपघात विम्याचं म्हणणं, कामावर असताना झालं नाही. स्वतःच्या पॉलिसीचं म्हणणं, तुम्ही पैसे घेऊन नाचत होतात, म्हणजे हा तुमचा दुसरा व्यवसाय, आणि तो तुम्ही जाहीर केलेला नाही. आयोजकाचं म्हणणं, तुम्ही आमचे कर्मचारी थोडेच आहात. तेलही गेलं, तूपही गेलं. फुकट नाचला असता तर दुसऱ्या पॉलिसीने दिले असते, हे विशेष.

तो जाहीर का करत नाही? कारण जाहीर केलं की काय होतं ते त्याने बघितलंय. ‘व्यावसायिक नर्तक’ म्हटलं की अख्ख्या नोकरदाराचा दर बदलतो, जणू तो दिवसाचे आठ तास हवेतच असतो. ‘छंद’ म्हटलं की क्लेम अडकतो. मधला रकानाच नाही. तो द्या. आठवड्याला किती तास नाचता, कुठल्या प्रकारचं नाचता, कसल्या फ्लोअरवर, शिकवता किती आणि स्वतः उड्या मारता किती, हे विचारा आणि त्या प्रमाणात दर लावा. गाडीच्या विम्यात किती किलोमीटर चालवता हे विचारणाऱ्या पॉलिसी निघाल्या आहेतच. पायांबद्दलही विचारता येईल.

जुन्या दुखापतींचं तेच. फॉर्मवर कुणी प्रामाणिकपणे ‘तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखावला होता’ असं लिहिलं की पॉलिसीवर शिक्का बसतो: उजवा गुडघा व संबंधित सर्व विकार वगळले. ‘संबंधित सर्व’मध्ये काय येत नाही? नितंबाचा सांधा येतो, घोटा येतो, ताणून धरलं तर पाठही येते. याचा परिणाम इतकाच होतो की पुढचा माणूस गुडघ्याचं लिहीत नाही. मग तुम्ही म्हणता, माहिती लपवली. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोएम या खटल्यात विम्यातल्या सद्भावाचं, म्हणजे महत्त्वाचं काही न लपवण्याचं, तत्त्व मांडलं, ते तुमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिकवतात. फक्त एक सांगायचं राहून जातं की त्यांनी ते दोन्ही बाजूंना लागू केलं होतं. वगळायचंच असेल तर नेमकं निदान वगळा, मुदत घालून वगळा, आणि तेवढा काळ काही झालं नाही तर शिक्का काढा.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत. आत्ताच लंगडणारेच विमा घेतील, धडधाकट घेणार नाहीत. खरं आहे, एकेकट्याला विकलात तर तसंच होईल. म्हणून गट करून विका. क्लास, ग्रुप, संघटना यांच्यामार्फत सगळ्यांना एकदम घ्या, विशीतले आणि चाळिशीतले एकत्र. आणि सभासदाने ग्रुप सोडला तरी कव्हर त्याच्याबरोबर जाऊ द्या, कारण आमच्याकडे ग्रुप बदलणं हा अपवाद नसतो, रीतच आहे. अमेरिकेत रंगभूमीवरच्या युनियनच्या आरोग्य योजनेत राहायला ठरावीक आठवडे काम झालेलं दाखवावं लागतं. १२ मार्च २०२० ला ब्रॉडवे बंद झालं आणि वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. आठवडे कुठून आणायचे? काम गेलं त्याच वेळी विमाही जातो, हा या पद्धतीचा दोष आहे आणि त्याला महामारीच लागते असं नाही. एक पडलेला सीझन पुरतो.

कुणी विचारेल, जास्तीचे पैसे भरणार कोण? इथे हे पत्र नृत्यसंस्था, नाट्यगृहं आणि कार्यक्रमांचे आयोजक यांच्याकडेही वळतं. जर्मनीत १९८३ पासून कलाकारांसाठी क्युन्स्टलरझोत्सिआलकासे नावाची व्यवस्था आहे. मुक्तपणे काम करणारा कलाकार आरोग्य विमा, शुश्रूषा विमा आणि पेन्शन यांच्या वर्गणीचा अर्धाच भाग भरतो. उरलेल्यातले ३० टक्के कलेचा वापर करणाऱ्या संस्थांकडून आकारले जातात, २० टक्के सरकार देतं. आणि कलाकार कोण, तर कला निर्माण करणारा, सादर करणारा किंवा शिकवणारा. शिकवणाराही! इतर ठिकाणी नाचाच्या शिक्षकाला कलाकार धरायचं की क्लासवाला, यावर फायली अडतात. तिथे नवोदितांना पहिली तीन वर्षं किमान उत्पन्नाची अटही नाही.

तेही स्वर्ग नाहीच. आजारपणाचा भत्ता तिथे साधारणपणे सातव्या आठवड्यापासून सुरू होतो. आधीपासून हवा तर जादा वर्गणी. आमचं स्ट्रेस फ्रॅक्चर सातव्या आठवड्यात बरं व्हायला आलेलं असतं. म्हणून नुसती नक्कल करू नका. प्रतीक्षेचा काळ दोन आठवड्यांवर आणा आणि भत्ता तीन महिन्यांवर थांबवा. आमच्या बहुतेक दुखापती त्या खिडकीत बसतात आणि तुमची जबाबदारीही मर्यादित राहते.

आयोजकांना एक वेगळं सांगायचंय. मानधनाच्या पावतीत विम्याचा वाटा वेगळा दाखवा. लाइट, साउंड, मांडव यांच्या विम्याची ओळ अंदाजपत्रकात असते, नाचणाऱ्यांची नसते. आणि फ्लोअर बघा. काँक्रीटवर गालिचा अंथरला म्हणजे रंगमंच होत नाही. खाली हवा असलेला, किंचित दबणारा लाकडी फ्लोअर हा सगळ्यात स्वस्त विमा आहे, आणि विमा कंपन्यांनी अशा जागांना प्रीमियममध्ये सूट दिली तर तो पटापट बसवलाही जाईल. इमारतीच्या विम्यात आग विझवायची यंत्रणा बघून सूट देताच की.

वर्षातून एकदा सगळ्या सभासदांची तपासणीही करा: जुन्या दुखापती, सांध्यांची हालचाल, ताकद, पाळी, झोप, खाणं. अमेरिकेत डान्स-यूएसए या नृत्यक्षेत्राच्या राष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने नृत्यसंस्थांसाठी अशी तपासणी तयार केलेली आहे. मात्र एक अट: त्यात निघालेलं दर वाढवायला किंवा नाव कापायला वापरायचं नाही, आणि संस्थेच्या संचालकाच्या हातात तर अजिबात द्यायचं नाही. नाही तर तपासणीच्या दिवशी सगळ्यांचे गुडघे एकदम ठणठणीत होतील. आम्हाला दुखणं लपवून हसायचं शिक्षण लहानपणापासून मिळालेलं असतं; त्या बाबतीत आमच्याशी स्पर्धा करू नका.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात: आमच्यात पोट दिसायला लागल्यावर नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून काम थांबतं आणि परतायला इतरांपेक्षा उशीर लागतो. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी त्यात धरा.

तुम्ही म्हणाल, इतक्या लहान गटासाठी वेगळी पॉलिसी परवडत नाही. वेगळी नकोच आहे. जिमचे ट्रेनर, योगशिक्षक, सर्कशीतले कलाकार, तबला-ढोलकी वाजवून मनगट धरलेले वादक, दिवसभर उभे राहून केस कापणारे, या सगळ्यांना हीच व्याख्या लागू पडेल. आम्ही फक्त आधी बोलतोय.

माझ्याकडे आमच्या ग्रुपच्या हजेरीची रजिस्टरं आहेत: कोण किती तास तालमीला होतं, कुणी कुठल्या दुखण्यामुळे किती दिवस सुट्टी घेतली, परत कधी आलं. नावं काढून ती द्यायला सगळे तयार आहेत. दर ठरवायला आकडे नाहीत, ही सबब पुढच्या बैठकीत नको म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. बैठकीला बोलावलंत तर येईन. दुपारी ठेवा, संध्याकाळी तालीम असते.

आपली,
एक नृत्यशिक्षिका आणि नियमित प्रीमियम भरणारी पॉलिसीधारक